गिळलेली वस्तू, नोंदवही आणि दरपत्रक : वऱ्हाडाच्या संदर्भात एक टिपण

मुलाने नाणे गिळले, वृद्धाच्या घशात बोराची आठळी अडकली, शिवणकाम करणाऱ्या स्त्रीच्या ओठांत धरलेली टाचणी आत गेली, अशा घटना इतिहासाचा विषय होऊ शकतात असे सहसा कोणास वाटत नाही. घरातील माणसे चार दिवस घाबरतात, वस्तू बाहेर पडते, आणि पुढे तो प्रसंग सणावारी हसून सांगण्यापुरता उरतो. परंतु अशी घटना ज्या क्षणी एखाद्या नोंदवहीत उतरते त्या क्षणी ती इतिहासाच्या कक्षेत येते. आणि त्या नोंदीच्या आधारे कोणी कोणास पैसे देऊ लागला की ती अर्थेतिहासाचाही विषय होते. गिळलेल्या वस्तूला आज रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात क्रमांक आहे, ती काढण्याच्या क्रियेला दुसरा क्रमांक आहे, आणि त्या क्रमांकांसमोर रक्कम लिहिलेली असते. हे क्रमांक कसे आले, आणि ते येताना घटनेचा कोणता भाग राहिला व कोणता गळला, एवढाच या टिपणाचा विषय होय.

विवेचनासाठी धामणगाव रेल्वे हे गाव निवडले आहे, त्यास कारण आहे. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. त्या मार्गावरील हे वऱ्हाडच्या पूर्व टोकाचे, कापसाच्या व्यापाराने वाढलेले गाव. पूर्वी ते चांदूर तालुक्यात मोडे. नकाशावर पाहिले असता अमरावती, यवतमाळ आणि वर्धा ही तिन्ही जिल्ह्यांची ठिकाणे या गावापासून सरळ रेषेत सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांवर, म्हणजे जवळपास सारख्याच अंतरावर पडतात. गावात न होणारी चिकित्सा हवी असेल त्या रुग्णाला तीन दिशा मोकळ्या आहेत आणि तिन्ही दूर आहेत. पूर्वेस वर्धा नदी आहे. ती ओलांडली की वऱ्हाड संपते आणि पुलगाव लागते. या नदीचे पुढे काम पडणार आहे. (गावाच्या नावातील 'रेल्वे' हा शब्दही इतर धामणगावांपासून ते वेगळे ओळखता यावे म्हणूनच जोडलेला आहे, याद्यांच्या सोयीसाठी वस्तूंची नावे बदलतात, तशी गावांचीही बदलतात.)

शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूस आपल्या परंपरेत 'शल्य' हा नेमका शब्द आहे, आणि त्यावरूनच शल्यतंत्र या शास्त्राचे नाव पडले, हे अभ्यासकांस ठाऊक आहेच. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसावा व सत्ताविसावा हे दोन अध्याय शल्याची ओळख आणि त्याचे निष्कासन यांना वाहिलेले आहेत. तेथे दिलेल्या कृती आजही आश्चर्याने वाचाव्या अशा आहेत. कंठात लाखेची वस्तू अडकली असेल तर कंठात नळी घालावी, नळीतून तापविलेली सळई आत न्यावी, ती लाखेत रुतली की पाण्याने थंड करून दोन्ही एकत्र बाहेर ओढावी. वस्तू लाखेची नसेल तर सळईच्या टोकाला लाख किंवा मेण लावून हेच करावे. घशात हाड रुतले असता केसांचा गोळा लांब दोऱ्यास बांधून पातळ अन्नाबरोबर गिळावयास द्यावा, पोटभर पेय पाजून वांती करवावी, आणि हाड केसांत गुंतले असे जाणवताच दोरा ओढावा. घास अडकलेल्या माणसाच्या खांद्यावर त्याच्या नकळत मूठ मारावी, असेही सांगितले आहे. नळीतून आत जाणे, वस्तूस धरणे आणि नळीच्या आडून ती बाहेर आणणे ही आजच्या दुर्बीण-चिकित्सेची मूळ कल्पना येथे पुरती दिसते. उणीव आहे ती फक्त प्रकाशाची.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र या कृतींहून त्याच अध्यायातील यादी अधिक महत्त्वाची आहे. सैल असलेले, म्हणजे अवयवात घट्ट रुतून न बसलेले शल्य बाहेर पडण्याचे पंधरा उपाय सुश्रुताने नावांनिशी मोजले आहेत. त्यांत वमन आहे, विरेचन आहे, प्रक्षालन आहे, चोखून काढणे आहे, लोहचुंबकही आहे. आणि या यादीत पहिले नाव कोणते, तर 'स्वभाव'. अश्रू, शिंक, ढेकर, खोकला, मूत्र, मल यांच्या नैसर्गिक वेगाने शल्य आपोआप पडते, हा पहिला उपाय. काही न करणे हेही येथे नाव देऊन, क्रमांक देऊन, उपाय म्हणून गणलेले आहे. हे ग्रंथकाराला सहज शक्य झाले, कारण त्याच्या यादीतील कोणत्याही ओळीसमोर रक्कम लिहावयाची नव्हती.

वऱ्हाडात अपघाती मृत्यूंची शासकीय मोजदाद सुरू झाली ती इंग्रजी अमलात. १८५३ च्या करारान्वये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत ब्रिटिश हिंदुस्थानातील इतर प्रांतांप्रमाणे येथेही जन्ममृत्यूची नोंद गावपातळीवर होऊ लागली. १९०३ साली वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताशी जोडला गेल्यावरही नोंदीचे स्वरूप फारसे बदलले नाही. बातमी देणारा कोतवाल, लिहून घेणारा पाटील, आणि वर पाठविणारी पोलीस वा महसुली कचेरी, अशी ही साखळी होती. तिच्यात वैद्य कोठेच नव्हता. म्हणून मृत्यूच्या कारणांचे रकानेही कोतवालास सांगता येतील असेच ठेवलेले होते : पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा, आणि उरलेली सर्व कारणे. पुढे प्लेग आणि श्वसनाचे विकार यांची भर पडली. 'इजा' या रकान्यात आत्महत्या, अपघात, सर्पदंश व हिंस्र श्वापदांनी मारलेले असे पोटभेद असत.

आता या रकान्यांत गिळलेल्या वस्तूचे काय होत असेल याचा विचार करावा. चिंचोका किंवा भुईमुगाचा दाणा मुलाच्या श्वासनलिकेत गेला आणि मूल तेथल्या तेथे दगावले, तर कोतवाल ते अपघातात सांगेल. परंतु दाणा एका बाजूच्या फुप्फुसात जाऊन बसला, मूल आठ-पंधरा दिवस खोकले, त्याला ताप भरला, आणि मग ते गेले, तर ती नोंद 'तापा'त जाणार यात शंका नको. प्रारंभीची घटना घरच्यांच्या स्मरणातूनही तोपर्यंत गेलेली असते. मूल फार लहान असेल तर ती कोणी पाहिलेलीही नसते. 'ताप' या रकान्याने हिंदुस्थानातील मृत्युसंख्येचा फार मोठा भाग गिळला होता, ही गोष्ट सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासकारांनी वारंवार दाखविली आहे. त्या तापात किती दाणे आणि किती बिया दडलेल्या होत्या हे काढण्याचा मार्ग नाही. या रकान्यांवरून वऱ्हाडात अशा घटना विरळ होत्या असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये.

याच काळात युरोपात रोगांच्या नावांची एकच यादी सर्व राष्ट्रांनी वापरावी असा प्रयत्न चालला होता. १८५३ च्या ब्रुसेल्स येथील सांख्यिकी परिषदेने विल्यम फार व मार्क देस्पिन यांच्यावर ते काम सोपविले. योगायोग असा की वऱ्हाडचा करारही त्याच वर्षीचा. १८९३ साली शिकागो येथे झाक बर्तियाँ यांनी मांडलेली यादी मान्य झाली, १९०० साली पॅरिसमध्ये तिची पहिली सुधारणा झाली, आणि १९४८ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. सहाव्या आवृत्तीपर्यंत आलेल्या या यादीत मृत्यूबरोबर आजार आणि इजाही आल्या. मरण न पावलेल्या माणसाच्या पोटातील नाण्यास जागतिक यादीत जागा मिळण्याची सोय यामुळे झाली.

यादी तयार होत असताना वस्तू बाहेर काढण्याची कलाही पालटत होती, आणि त्या कलेच्या एका आचार्याने नोंदीची अगदी वेगळी रीत घालून दिली. तिचा उल्लेख येथे करणे भाग आहे, कारण पुढे जे हरवले ते तिच्यात स्पष्ट दिसते. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे १८६८ साली कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या एका खेळकऱ्याच्या जठरात सरळ नळी उतरवून पाहिली. त्याच नगरीत १८९७ मध्ये किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गात अडकलेले हाड नळीवाटे काढले. दोन वर्षांपूर्वीच रंटगेन यांच्या किरणांचा शोध लागल्यामुळे धातूची वस्तू कोठे आहे हे आधी पाहता येऊ लागले होते. या दोन्ही साधनांना शिस्त लावली ती अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे चिकित्सक शेव्हलिअर जॅक्सन (१८६५–१९५८) यांनी. त्यांनी काढलेल्या वस्तू त्यांनी टाकल्या नाहीत. नाणी, टाचण्या, किल्ल्या, बटणे, बिया, हाडे, खेळण्यांचे तुकडे अशा २,३७४ वस्तू त्यांनी जपल्या, आणि त्या आज त्या शहरातील म्यूटर संग्रहालयाच्या खणांत मांडलेल्या आहेत. प्रत्येक वस्तूची स्वतंत्र नोंद आहे. आपल्या चिरंजीवांसह १९३६ साली त्यांनी या विषयावर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला त्याचा आधार अशाच नोंदी होत्या. धुण्याचा तिखट क्षार पिऊन अन्ननलिका जळालेली मुले वारंवार आलेली पाहून डब्यावर विषाचा इशारा छापण्याची सक्ती व्हावी म्हणून त्यांनी चळवळ केली, आणि १९२७ साली अमेरिकेत तसा कायदा झाला. वस्तूचे नाव लिहून ठेवल्यानेच हे घडले. जॅक्सन यांच्या वहीत केवळ 'अन्ननलिकेस इजा' एवढेच असते तर डब्याकडे कोणाचे लक्ष गेले नसते.

जागतिक वर्गीकरणाने मात्र वस्तू सोडली आणि स्थान धरले. १९७५ साली मान्य झालेल्या नवव्या आवृत्तीत मुख, अन्ननलिका व जठर यांतील परक्या वस्तूस ९३५, आतड्यातील वस्तूस ९३६, गुदमार्गातील वस्तूस ९३७ असे क्रमांक होते. १९९० साली मान्य झालेल्या दहाव्या आवृत्तीत ही सर्व 'टी १८' या एका शीर्षकाखाली आली : शून्य म्हणजे मुख, एक अन्ननलिका, दोन जठर, तीन लहान आतडे, चार मोठे आतडे, पाच गुद. श्वासमार्गासाठी 'टी १७' हे वेगळे शीर्षक ठेवले. ही रचना चिकित्सकाच्या दृष्टीने अगदी वाजवी आहे. नाणे अन्ननलिकेत अडले आहे की जठरात उतरले आहे यावर पुढील सर्व निर्णय अवलंबून असतो. तथापि 'टी १८.१' या नोंदीवरून ते नाणे होते, माशाचा काटा होता की घड्याळाची चकतीसारखी बॅटरी होती, हे कळत नाही. घटना कशी घडली हे सांगणारा 'डब्ल्यू ४४' हा जोडक्रमांक आहे, पण त्यातही वस्तूचे नाव नव्हते. अमेरिकेने आपल्या सुधारित आवृत्तीत १ ऑक्टोबर २०२३ पासून या जोडक्रमांकाचे अनेक पोटभेद पाडून बॅटरी, काच, धातू असे पदार्थ वेगळे केले, आणि बॅटरीत चकतीची बॅटरी वेगळी केली. जॅक्सन यांच्या खणांतील वस्तू सत्त्याऐंशी वर्षांनी क्रमांकांच्या यादीत परत आल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

क्रमांकाची ही एक शाखा झाली. पैशाशी थेट जोडलेली दुसरी शाखा अधिक अलीकडची आहे. अमेरिकेत १९६५ साली वृद्धांसाठी सरकारी आरोग्यविमा आला आणि पुढच्याच वर्षी तेथील वैद्यक संघटनेने चिकित्सेतील क्रियांची क्रमांकित यादी प्रसिद्ध केली. तीत रोग नाही, स्थानही दुय्यम आहे. वैद्याने काय केले हे तेथे मुख्य. लवचीक दुर्बीण जठरापर्यंत घालून परकी वस्तू काढली तर ४३२४७, तीच दुर्बीण अन्ननलिकेपुरती वापरून काढली तर ४३२१५, सरळ कडक नळीने काढली तर ४३१९४. एकाच मुलाच्या घशातील एकच नाणे, ते कोणत्या नळीने आणि कोठून काढले यानुसार तीन निरनिराळ्या देयकांत बसू शकते. याहून बोधप्रद अशी एक बाब आहे. दुर्बीण आत घातली आणि वस्तू तोवर पुढे सरकून गेली असल्याचे आढळले, तर 'काढली' हा क्रमांक लावता येत नाही. केवळ 'पाहिली' असा ४३२३५ हा क्रमांक लावावा लागतो, आणि त्याचे मूल्य कमी असते. रुग्णाच्या दृष्टीने हा अधिक चांगला शेवट आहे. दरपत्रकाच्या दृष्टीने ते कमी काम आहे.

अमेरिकेचे हे क्रमांक वऱ्हाडात लागू नाहीत. परंतु क्रियेनुसार रक्कम ठरविण्याची कल्पना येथेही आली, आणि ती कशी आली हे पाहण्यासारखे आहे. दीर्घकाळ येथील रुग्णास दोनच मार्ग होते : सरकारी वा धर्मादाय दवाखाना, जेथे गरिबास पैसे पडत नसत, आणि खाजगी वैद्य, जेथे फी ही ओळखीने व ऐपतीने ठरे. या दोहोंत कोठेही क्रियेची छापील किंमत नव्हती. नदीपलीकडे, वर्ध्यानजीक सेवाग्राम येथे १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली, आणि तिच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या आसपास आजूबाजूच्या खेड्यांत एक योजना चालविली. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावी, आणि वर्षभर त्या कुटुंबास रुग्णालयात सवलतीने उपचार मिळावे. आरोग्याच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथांत ही योजना ज्वारीच्याच नावाने ओळखली जाते. तिचा विशेष असा की देणे कुटुंबाच्या कुवतीवर ठरे, घेणे आजारपणावर. पायलीभर ज्वारी अमुक क्रियेसाठी असा हिशेब तेथे नव्हता. मूल नाणे गिळून आले आणि दोन दिवस नुसते पाहण्यासाठी ठेवले, तरी ज्वारी तीच. 'स्वभाव' या उपायास जागा असलेली ही या भागातील बहुधा शेवटची हिशेबपद्धती म्हणावी लागेल.

दुसरीकडे याद्यांची परंपरा वाढत होती. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९५४ साली दिल्लीत सुरू झालेल्या आरोग्य योजनेने कालांतराने क्रियावार दरपत्रके तयार केली, आणि परकी वस्तू काढण्याच्या ओळी त्यांत आल्या. महाराष्ट्र शासनाची १९९७ ची जीवनदायी योजना हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा मोठ्या आजारांपुरती होती. आंध्र प्रदेशाने २००७ साली आरोग्यश्री योजना काढली आणि तीत शेकडो क्रियांची, प्रत्येकीस ठरीव रक्कम असलेली यादी केली. तिच्या धर्तीवर महाराष्ट्राने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. यादीत ९७२ क्रिया, कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत संरक्षण, आणि पात्रतेचा पुरावा पिवळी वा केशरी शिधापत्रिका.

ही योजना पहिल्या टप्प्यात आठच जिल्ह्यांत आली : गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई आणि मुंबई उपनगर. उरलेल्या महाराष्ट्रात ती २१ नोव्हेंबर २०१३ रोजी पोहोचली. म्हणजे साडेसोळा महिन्यांहून अधिक काळ वर्धा नदीच्या पश्चिम तीरावरील धामणगावच्या केशरी शिधापत्रिकेस जी यादी होती, ती पूर्व तीरावरील पुलगावच्या केशरी शिधापत्रिकेस नव्हती. दक्षिणेकडील यवतमाळ जिल्ह्यासही नव्हती. बाजार एक, लोहमार्ग एक, सोयरीक एक, कपाशीचे वाणही तेच. भेद होता तो यादीपुरता. वऱ्हाडची सीमा म्हणून ही नदी प्रशासनात अनेकदा अवतरली आहे, परंतु रुग्णाच्या हक्काची सीमा म्हणून ती याच साडेसोळा महिन्यांत वाहिली. या कालखंडाचा दोन्ही तीरांवर तुलनेने अभ्यास व्हावयास हवा. इतिहासकाराला अशी आपोआप जुळून आलेली तुलना क्वचितच मिळते.

योजना पुढे बदलत गेली. २०१७ साली तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. शेतकरी आत्महत्यांनी ग्रस्त ठरविलेल्या चौदा जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकरी तीत घेतले गेले, त्यांत अमरावती, यवतमाळ आणि वर्धा हे तिन्ही जिल्हे होते. १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडण्यात आली, आणि २०२३ च्या शासन निर्णयाने क्रियांची संख्या १,३५६ व संरक्षण पाच लाख रुपये झाले. रुग्णालयात प्रत्यक्ष घडते ते असे : आरोग्यमित्र शिधापत्रिका पाहतो, डॉक्टर यादीतील ओळ निवडतात, क्ष-किरण चित्रासह पूर्वसंमतीची मागणी संगणकावरून जाते, संमती आली की क्रिया होते, आणि नंतर रकमेचा दावा दाखल होतो. तातडीच्या रुग्णासाठी दूरध्वनीवरून संमती घेण्याची सोय पहिल्यापासून ठेवलेली होती. खेड्यातील गरीब कुटुंबाच्या दारात मोठी शस्त्रक्रिया विनामूल्य आणून ठेवणारी ही व्यवस्था आहे, आणि तिचे हे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही.

परंतु गिळलेल्या वस्तूपुरते पाहिले तर या व्यवस्थेचा आणि रोगाच्या स्वभावाचा मेळ बसत नाही. वैद्यकाचा जुना अनुभव आणि आधुनिक आकडे याबाबत एकमत आहेत : अन्नमार्गात गेलेल्या वस्तूंपैकी शेकडा ऐंशी ते नव्वद आपोआप बाहेर पडतात, दहा ते वीस दुर्बिणीने काढाव्या लागतात, आणि पोट उघडावे लागते असे शेकडा एखादेच. म्हणजे दहांपैकी आठ-नऊ वेळा योग्य उपचार हा की एक क्ष-किरण चित्र घ्यावे, घरच्यांस धीर द्यावा, पोटदुखी, उलटी, रक्त या खुणा सांगून ठेवाव्या, आणि काही दिवसांनी पुन्हा पाहावे. जठरात उतरलेल्या, त्रास न देणाऱ्या नाण्यासाठी चार आठवड्यांपर्यंत थांबण्यास हरकत नसते. या थांबण्यात ज्ञान आहे, जबाबदारी आहे, वेळ आहे. क्रियेवर बेतलेल्या दरपत्रकात मात्र थांबण्यास ओळ नसते. उरलेल्या एक-दोन रुग्णांसाठी ओळ असते. डॉक्टर लोभाने नको ती दुर्बीण घालतात, असा याचा अर्थ कोणी लावू नये. अर्थ इतकाच की जे थांबले ते दाव्यांच्या नोंदीत येतच नाहीत, आणि नोंदीत न आलेल्या कामासाठी ग्रामीण रुग्णालयात क्ष-किरणाचा तंत्रज्ञ रात्री ठेवावा असे हिशेब पाहणाऱ्यास वाटत नाही.

त्याच्या उलट टोकास चकतीची बॅटरी आहे. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत तेथील आवरण भाजू लागते. येथे थांबणे म्हणजे घात होय. खेळण्यांतून, घड्याळांतून, दूरचित्रवाणीच्या हातयंत्रांतून ही चकती आता खेड्यातल्या घरोघरी आहे. क्ष-किरण चित्रात ती प्रथमदर्शनी नाण्यासारखीच दिसते. कडेला दुहेरी वलय असते ते ओळखावे लागते. धामणगावहून तिन्ही दिशांना पंचेचाळीस किलोमीटर, तेही सरळ रेषेत, हे अंतर दोन तासांच्या हिशेबात मांडून पाहिले म्हणजे वस्तूचे नाव न सांगणाऱ्या क्रमांकाचा तोटा लक्षात येतो. 'टी १८.१' या एकाच शीर्षकाखाली चोवीस तास थांबू शकणारे मूल आणि दोन तासही न थांबू शकणारे मूल शेजारी शेजारी उभी आहेत. अशा बॅटऱ्या कोणत्या तालुक्यात किती गिळल्या जातात हे या क्रमांकावरून कधीच कळणार नाही, आणि जॅक्सन यांच्या डब्यावरील इशाऱ्यासारखी मागणी करावयास आधारही मिळणार नाही.

नाण्यांसंबंधी येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्यास नाणकशास्त्र हे एरवी राजांच्या वंशावळीपुरतेच परिचित असते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि नव्या पैशाचे लहानगे नाणे घराघरांत पोहोचले. साठाव्या दशकाच्या मध्यापासून ॲल्युमिनियमची हलकी नाणी आली. ॲल्युमिनियम हा विरळ धातू असल्याने क्ष-किरण चित्रात तो फार फिकट उमटतो, आणि जुन्या यंत्रावर तर हुकूही शकतो. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली. त्याच वर्षीच्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे सुमारे बावीस मिलिमीटर व्यासाचे, तर दहा रुपयांचे सत्तावीस मिलिमीटरांचे आहे. पंचवीस मिलिमीटरांहून मोठी वस्तू जठराच्या खालच्या द्वारातून सहसा पुढे जात नाही. लहान नाणी गेली आणि मोठी राहिली, याचा अर्थ मुलाच्या हाती लागणारे नाणे आता आपोआप पडण्याची शक्यता पूर्वीपेक्षा कमी झाली, असे अनुमान करता येते. टांकसाळीचा निर्णय बालरोगविभागापर्यंत असा पोहोचतो.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने साधनांबाबत एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. योजनांचे दावे संगणकावर आहेत, ते व्यवस्थित आहेत, आणि म्हणूनच त्यांचा मोह पडतो. परंतु ते केलेल्या क्रियांचे दप्तर आहे, घडलेल्या अपघातांचे नव्हे. कोतवालाच्या रकान्यांत जसे ताप सर्व काही गिळून बसला होता, तसे येथे क्रियेचे नाव बसले आहे. वस्तूचे नाव, मुलाचे वय, ते किती वाजता कोठून आले, कोणत्या गाडीने आले, आणि शेवटी काही न करता घरी गेले की काय, हे सापडण्याची शक्यता असलीच तर ती ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण नोंदवहीतील शेऱ्याच्या रकान्यात, क्ष-किरण खोलीच्या वहीत, आणि खाजगी डॉक्टरांच्या जुन्या केसपेपरांत. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी डॉक्टरांवर घातलेले बंधन आंतररुग्णांच्या कागदपत्रांपुरते आहे, आणि तेही तीन वर्षांचेच. बाह्यरुग्णाच्या वहीस तेवढेही संरक्षण नाही. जुलै २०१२ ते नोव्हेंबर २०१३ या साडेसोळा महिन्यांच्या वह्या धामणगाव, चांदूर आणि पुलगाव येथे ज्या कपाटांत अद्याप शिल्लक असतील, तेथे त्या त्या संस्थेची अनुमती घेऊन आणि रुग्णांची नावे वगळून त्यांच्या नकला करून घेण्याचे काम प्रथम हाती घ्यावयास हवे.